टीपांसकट बायबल घ्यायचंय: कुठली आवृत्ती, आणि वाचायचं कसं?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर जुन्या युरोपियन चित्रांचा नाद लागलाय. मोठमोठ्या संग्रहालयांनी आपली चित्रं नेटवर फुकट ठेवली आहेत, घरबसल्या इतकी मोठी करून बघता येतात की रंगाला गेलेल्या भेगासुद्धा दिसतात. पण दर चारदोन चित्रांमागे घोडं अडतं ते गोष्टीपाशी. कारावाज्जिओचा पोरगा मुंडकं धरून उभा आहे तो दावीद आणि मुंडकं गल्याथाचं, एवढं कळतं. त्याच चित्रकाराच्या दुसऱ्या चित्रात एक बाई खाटेवरच्या माणसाचा गळा चिरतेय आणि शेजारी म्हातारी मोलकरीण. नाव ज्युडिथ. ती कोण, तो कोण, भानगड काय?

घरात कॉलेजच्या दिवसांत कुणीतरी वाटलेलं इंग्रजी बायबल आहे. त्यात ज्युडिथ शोधली. अनुक्रमणिकेतच नाही. पहिल्या पानापासून सरळ वाचायलाही घेतलं होतं. उत्पत्ति झकास, निर्गम निम्मं झकास, पुढे निवासमंडपाच्या (देवासाठीच्या तंबूच्या) फळ्या, खुंट्या आणि पडदे मोजता मोजता डोळा लागला.

तर खाली टीपा, सुरुवातीला प्रस्तावना, मागे नकाशे असं एखादं जाडजूड बायबल घ्यायचा विचार आहे. धर्म बदलायचा नाही, कुणाशी वादही घालायचा नाही. हे कुणी, कधी, कशासाठी लिहिलं ते कळलं म्हणजे झालं. बजेट चारेक हजार. इंग्रजी चालेल, मराठीत असेल तर सोन्याहून पिवळं. नेटवर नावं बघितली तर स्टडी बायबल, रेफरन्स बायबल, अ‍ॅनोटेटेड बायबल, लाइफ अ‍ॅप्लिकेशन बायबल... सगळे एकच माल वेगवेगळ्या वेष्टनात विकतात की खरंच फरक आहे?

गोगलगाय
निवासमंडपापर्यंत पोचलात? मानलं. मी नोहाच्या तारवातून उतरलो तो पुन्हा चढलोच नाही.

चहा_कटिंग
पॉपकॉर्न घेऊन बसतोय. धर्मग्रंथाचा धागा आणि शंभर प्रतिसादांच्या आत कुलूप लागलं नाही असं इथे झालेलं नाही.

वसईवाला
अर्धविराम, तुमची ज्युडिथ हरवलेली नाही, तुमच्याकडचं बायबल प्रॉटेस्टंट आहे. त्यात ६६ पुस्तकं. आम्हा कॅथलिकांच्यात ७३. वरची सात म्हणजे टोबीत, ज्युडिथ, मक्काबींची दोन, प्रज्ञाग्रंथ, सिराख आणि बारूख. शिवाय एस्तेर आणि दानिएलमध्ये काही जादा भाग. आंघोळ करणाऱ्या सुसान्नाला चोरून बघणारे दोन म्हातारे तुम्ही चित्रांत नक्की पाहिले असतील, ते दानिएलच्या तेराव्या अध्यायात आहेत. तेही तुमच्या प्रतीत नसणार.

आता गोष्ट. होलोफर्नेस हा सेनापती एका गावाला वेढा घालून बसलाय, पाणी तोडलंय. गावातली विधवा ज्युडिथ नटूनथटून त्याच्या छावणीत जाते, तो दारू पिऊन आडवा होतो, ती त्याच्याच तलवारीने दोन घावांत मुंडकं उडवते. मोलकरीण ते मुंडकं जेवणाच्या पिशवीत टाकते आणि दोघी पहाऱ्यातून शांतपणे बाहेर पडतात. रोज रात्री प्रार्थनेला बाहेर जायची सवय तिने पहारेकऱ्यांना आधीच लावून ठेवलेली असते. डोकं बघा बाईचं. दोन्ही अर्थांनी.

त्यामुळे चित्रांसाठी घेणार असाल तर पहिली अट हीच ठेवा, ती जादा पुस्तकं असलेलीच प्रत घ्या. ‘विथ अपॉक्रिफा’ असं लिहिलेलं असतं, नाहीतर कॅथलिक आवृत्ती घ्या.

पिंपळपार
आपल्याकडे एवढं वाङ्मय पडलंय. ते वाचून संपलं का, की निघाले परदेशी पोथ्या विकत घ्यायला?

गोगलगाय
पिंपळपार, तुमचं वाचून संपलं असेल तर याद्या द्या की.

अर्धविराम
पिंपळपार, वाचतो तेही. पण लूव्रमधल्या चित्रांत विठोबा नाही हो, काय करू?

वसईवाला, फार आभार. म्हणजे पुस्तकं किती, यावरच एकमत नाही! मग या सात जणांना घराबाहेर काढलं कुणी?

हस्तलिखित
(पीएचडी चालू आहे, विषय जवळचा आहे, म्हणून लांबण लावणार.)

काढलं असं एका दिवसात नाही. ही पुस्तकं ग्रीक भाषांतरात होती, ज्यूंच्या हिब्रू संचात राहिली नाहीत. प्रॉटेस्टंट चळवळीच्या लूथरने १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ती जुना आणि नवा या दोन करारांच्या मधे वेगळी बसवली. ‘वाचायला चांगली, पण शास्त्राच्या बरोबरीची नाहीत’ अशी भूमिका. कॅथलिकांनी १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ती शास्त्रच आहेत असं ठणकावलं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्येही ती होती, हे पुष्कळांना माहीत नसतं. पुढे १८२६ साली ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने ती छापायची नाहीत असं ठरवलं. जगभर स्वस्तात वाटली गेली ती याच संस्थेची बायबलं, त्यामुळे ती नसलेली प्रतच घरोघरी गेली. तुमच्याकडची त्याच परंपरेतली असणार.

आता मूळ प्रश्न, फरक खरंच असतो का? असतो, आणि तो टीपांत असतो. मजकूर थोड्याफार फरकाने तोच. पानाच्या तळाशी कोण बसून तुमच्याशी बोलतंय, हे बघून प्रत निवडायची. दुकानात गेलात की एक चाचणी करा. २ शमुवेल २१:१९ उघडा (शमुवेलचं दुसरं पुस्तक, अध्याय २१, ओळ १९).

दावीदाने गल्याथाला मारलं ती गोष्ट १ शमुवेल १७ मध्ये आहे, ती जगाला ठाऊक. पण २ शमुवेलमधली ही ओळ हिब्रूत म्हणते की गल्याथाला एलहानान नावाच्या बेथलेहेमच्या माणसाने मारलं. आणि खूप नंतर लिहिलेलं १ इतिहास २०:५ म्हणतं की एलहानानने मारला तो गल्याथाचा भाऊ, लहमी. आता प्रत्येक इंग्रजी भाषांतर इथे काय करतं बघा (एनआयव्ही, ईएसव्ही, एनआरएसव्ही ही त्यांचीच नावं):

किंग जेम्समध्ये ‘भाऊ’ हा शब्द तिरप्या अक्षरांत घातलाय, म्हणजे मुळात नाही हे प्रामाणिकपणे दाखवलंय, पण घातलाय. एनआयव्हीच्या २०११ च्या मजकुरातही ‘भाऊ’ आहे, तळटीपेत हिब्रूत तो नाही असं सांगितलंय. ईएसव्ही आणि एनआरएसव्ही सरळ ‘गल्याथाला मारलं’ म्हणतात. मग टीपा. श्रद्धावान इव्हँजेलिकल (बायबलच प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांच्या) आवृत्त्यांचा कल, नकलाकाराच्या हातून शब्द गळला असावा, ‘१ इतिहास’मधला मजकूर बरोबर, असं सांगण्याकडे. विद्यापीठी आवृत्त्यांचा कल, पराक्रम मुळात एलहानानचा असावा आणि पुढे राजा झालेल्या दावीदाच्या नावावर चढला असावा, याकडे. एका ओळीवर त्या पुस्तकाचा सगळा स्वभाव कळतो. दहा मिनिटांत तीन प्रती चाळून होतात.

माझं मत: तुमच्या कामासाठी न्यू ऑक्सफर्ड अ‍ॅनोटेटेड बायबल. पहिली आवृत्ती १९६२ ची, पाचवी २०१८ ची. एनआरएसव्ही भाषांतर, ‘विथ अपॉक्रिफा’ घ्यायची. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू, कुठलेच नाहीत असे सगळ्या प्रकारचे अभ्यासक टीपा लिहितात. पर्याय म्हणून हार्परकॉलिन्स स्टडी बायबल, त्याचीच पुढची पिढी २०२३ ला एसबीएल स्टडी बायबल नावाने आली.

नगरची_लेक
हस्तलिखित यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण ‘श्रद्धावान विरुद्ध विद्यापीठी’ ही वाटणी मला पटत नाही. विद्यापीठातल्या माणसाला कल नसतो का? चमत्कार घडूच शकत नाही हेही एक गृहीतच की. मी पाळकांच्या घरात वाढले. पप्पांकडे एनआयव्ही स्टडी बायबल होतं, १९८५ ला आलेलं. समासात जागा उरली नाही म्हणून चिकटवलेल्या चिठ्ठ्यांनी ते फुगून दुप्पट झालं होतं. रविवारच्या संदेशाची तयारी शनिवारी रात्री त्यावरच चालायची. त्यातल्या टीपा अडचणी लपवत नाहीत. लूक २:२ वर बघा. येशूचा जन्म राजा हेरोदाच्या काळात, आणि हेरोद इ.स.पूर्व ४ मध्ये वारला. लूक म्हणतो नावनिशी (शिरगणती) रोमन सुभेदार क्विरीनियच्या वेळची, आणि तिचा काळ इ.स. ६. जवळजवळ दहा वर्षांचा फरक आहे आणि टीप तो सरळ मांडते. मग सुचवते की त्याच्या हाताखाली आधी एक नावनिशी झाली असू शकेल. पटो न पटो, पण वाचकाला मूर्ख समजत नाही.

अर्धविराम काका, तुम्हाला ज्या चित्रकारांची चित्रं आवडतात ते आणि त्यांचे गिऱ्हाईक हे सगळं खरं मानत होते. आतून वाचणारा काय वाचतो हे कळलं नाही तर चित्र अर्धंच कळेल.

हस्तलिखित
गृहीत सगळ्यांनाच असतात, मान्य. माझा मुद्दा एवढाच की एकाच परंपरेचे लोक टीपा लिहितात तेव्हा आपसातला मतभेद पानावर येत नाही. आणि क्विरीनियची ‘आधीची नावनिशी’ हा तर्क आहे, तिचा स्वतंत्र पुरावा नाही. टीपेत ‘असू शकेल’ असतं, संदेशात तेच ‘होती’ होतं.

नगरची_लेक
आमच्या पप्पांच्या संदेशात नव्हतं होत. 🙂

चहा_कटिंग
आलं आलं, रंगतंय.

पानशेत_पॉइंट
टीपांच्या भांडणाला चारशे वर्षांची परंपरा आहे, घाबरू नका. १५६० चं जिनिव्हा बायबल म्हणजे इंग्रजीतलं पहिलं धडाकेबाज टीपावालं बायबल. शेक्सपिअर त्यावर पोसला. त्यात निर्गमच्या पहिल्या अध्यायात सुइणींची गोष्ट आहे. फारो सांगतो, इब्री बायकांना मुलगा झाला की मारून टाका. शिप्रा आणि पुवा या दोघी मारत नाहीत, वर ‘त्या बायका दणकट आहेत, आम्ही पोचायच्या आत बाळंत होतात’ अशी थाप मारतात. जिनिव्हाची समासातली टीप म्हणते, थाप मारणं वाईट, पण राजाची आज्ञा मोडली ते रास्तच होतं. इंग्लंडचा राजा जेम्स ही टीप वाचून भडकला! १६०४ च्या हॅम्प्टन कोर्टच्या बैठकीत त्याने नेमका हाच दाखला दिला. नव्या भाषांतराला हुकूम सुटला की हिब्रू-ग्रीक शब्दांचा खुलासा सोडून समासात टीपा लिहायच्या नाहीत. किंग जेम्स बायबलच्या समासात मतं का नाहीत, तर दोन सुइणींमुळे.

गोगलगाय
राजांना तळटीपांचंच भय. वरचा मजकूर कुणी वाचत नाही हे त्यांनाही ठाऊक असावं.

पानशेत_पॉइंट
आणि उलट टोक म्हणजे स्कोफिल्ड रेफरन्स बायबल, १९०९. स्कोफिल्ड हा मूळचा वकील. त्याने जगाच्या इतिहासाचे सात कालखंड पाडले आणि ते टीपांतून असे पेरले की अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या लोक टीपेलाच वचन समजायला लागले. १९१७ च्या आवृत्तीत तर आर्चबिशप अशरने काढलेली सालंही छापलेली, सृष्टी इ.स.पूर्व ४००४. अक्षराचा आकार थोडा लहान, एवढाच काय तो मूळ आणि टीप यांतला फरक. जुन्या पुस्तकांच्या ढिगात स्वस्तात दिसलं तर कुतूहल म्हणून घ्या, अभ्यासाला नको.

बाइंडर
मंडळी, पुस्तकाबद्दल बोला की जरा. म्हणजे वस्तूबद्दल. माझा व्यवसाय बांधणीचा आहे आणि दुरुस्तीला येणाऱ्या जाड पुस्तकांत बायबलं बरीच असतात.

अडीच हजार पानं एका खंडात बसवायची तर कागद अतिशय पातळ घ्यावा लागतो. मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात, हे सगळ्यांत थोडंफार असतंच. दुकानात पान उजेडासमोर धरू नका, तसं तर सगळंच दिसतं. टेबलावर ठेवून, वाचता त्या अंतरावरून बघा. टीपांचा टाइप मजकुरापेक्षा बारीक असतो. चाळिशी लागली असेल तर आधी टीप वाचून बघा, मग मजकूर.

शिलाई बघा. वरून कण्याकडे पाहिलं तर फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) वेगवेगळे, गोलसर दिसले पाहिजेत. नुसता गम लावलेला असेल तर सपाट ठोकळा दिसतो. शिवलेलं पुस्तक उत्पत्तिच्या पहिल्या पानावर उघडून ठेवलं तरी बऱ्यापैकी पडून राहतं. गमवालं टुणकन मिटतं, आणि वर्षा-दोन वर्षांत स्तोत्रसंहितेपाशी मधोमध तुटून माझ्याकडे येतं. चामडं, सोनेरी कड, हे सगळं नंतर. कापडी पुठ्ठा उत्तम.

पेन: जेल नको, फाउंटन पेन तर नकोच. साधा हायलायटरही पलीकडे उतरतो. कोरडी रंगीत पेन्सिल वापरा, टोक बोथट ठेवा.

अर्धविराम
बाइंडर, हा प्रतिसाद छापून पाकिटात ठेवतोय. आधी टीप वाचून बघायची, हे कुणी सांगितलंच नसतं.

वसईवाला
मराठीचं राहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ राजहंसने काढलंय. त्यातल्या नव्या कराराला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. फादर आमच्या वसईचे, उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ ला गेले. भाषा अशी आहे की चर्चची दारं न बघितलेल्या माणसालाही अडखळायला होत नाही. सोबतीला ठेवाच.

दुसरं, इंग्रजीत पण आपल्याकडचं. न्यू कम्युनिटी बायबल, २००८, मुंबईच्या सेंट पॉल्स प्रकाशनाचं, कॅथलिक. त्यात टीपांमध्ये उपनिषदं, गीता यांचे दाखले होते, आणि रेखाचित्रांत साडी नेसलेली मरिया अन् मुंडासं बांधलेला योसेफ. त्यावरून दोन्हीकडून आरडाओरडा झाला. काही ख्रिस्ती म्हणाले हे काय भलतंच, काही हिंदू म्हणाले आमचे ग्रंथ यांच्या तळटीपेत कशाला. पुढे सुधारित आवृत्ती निघाली. माझ्याकडे पहिली आहे. आमच्या आजीला त्या चित्रात काहीच वावगं वाटलं नव्हतं. ‘मग काय आपली मावली फ्रॉक घालेल?’ म्हणाली.

नगरची_लेक
आजी! ❤️

मराठीत पंडिता रमाबाईंचं भाषांतर विसरू नका. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून, जुना आणि नवा दोन्ही करार एकटीने. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या, त्याच्या थोडंच आधी काम हातावेगळं झालं होतं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. टीपांचं बायबल म्हणून नाही, पण ज्यांना मराठी गद्याची आवड आहे त्यांनी मिळालं तर एखादा अध्याय तरी वाचावा.

पिंपळपार
रमाबाईंबद्दल आदर आहे. पण मला एक सांगा, मूळ ग्रंथ समजायला एवढ्या टीपा लागतात, मग तो ग्रंथ सामान्य माणसाचा कसा?

हस्तलिखित
ज्ञानेश्वरी विनाटीप किती जण वाचतात? घरोघरी ‘सार्थ’च असते ना? सातशे वर्षं झाली की मजकुराला आधार लागतो. इथे तर दोन-अडीच हजार वर्षं आणि तीन भाषा.

पिंपळपार
सार्थ वाचतो, बरोबर. पण आमच्या घरी अर्थ वाचायच्या आधी ओवी मोठ्याने म्हणायची पद्धत होती. अर्थावर आधी नजर गेली तर आजोबा पुस्तक मिटायचे.

हडसनकाठ
पिंपळपारांनी नकळत सगळ्यात कामाचं सांगितलं. टीपावाल्या बायबलचा मोठा धोका हाच, डोळा सारखा खाली जातो. तीन ओळी वाचल्या, खाली. दोन ओळी, खाली. गोष्टीची लय मरते. मी अध्याय आधी सरळ वाचतो, खालचा भाग पोस्टकार्डाने झाकून. पेन्सिलने फक्त प्रश्नचिन्हं. मग कार्ड काढून टीपा, पण प्रश्नचिन्हांच्याच. बाकीच्या दुसऱ्या वाचनाला.

उदाहरण देतो. नोहाची गोष्ट, उत्पत्ति ६ ते ९, अशी झाकून वाचा. तुमच्या तुम्हालाच खटकेल की ६:१९ मध्ये प्रत्येक प्राण्याची एक जोडी आणि ७:२ मध्ये शुद्ध प्राण्यांच्या सात-सात. एकीकडे चाळीस दिवस, एकीकडे दीडशे. मग खाली बघा, अभ्यासक सांगतात की दोन परंपरा एकत्र विणल्यात. स्वतः खटकल्यावर हे वाचायची मजा वेगळी. आधीच टीप वाचली तर ती नुसती माहिती होते.

येल विद्यापीठाची व्याख्यानंही नेटवर फुकट आहेत, क्रिस्टीन हेज यांची जुन्या करारावर आणि डेल मार्टिन यांची नव्या करारावर. आणि पैसे घालायच्या आधी टीपांची चव बघायची तर ‘नेट बायबल’ (NET, हे एका भाषांतराचं नाव) ऑनलाइन फुकट आहे. साठ हजारांवर टीपा. बहुतेक भाषांतराच्या बारकाव्यांच्या, जरा रुक्ष, पण कुठला पाठ का घेतला हे उघड सांगतात. मार्कचा शेवट, १६:९ पासून पुढचा, सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाही, हे मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं.

दिमोनाकर
उशिरा आलो. इस्रायलमधून लिहितोय, बेने इस्रायली (कोकणातले मराठी ज्यू) आहे, मराठी घरात अजून जिवंत आहे.

इथे सगळे ६६ की ७३ करताहेत. आमची २४. मजकूर तुमच्या ३९ चाच, पण मोजणी आणि क्रम निराळा. ख्रिस्ती मांडणीत जुना करार मलाखीवर संपतो, एलीया परत येणार असं सांगून, म्हणजे पान उलटलं की मत्तय तयार. आमचा तनख (म्हणजे आमचं बायबल) इतिहासाच्या पुस्तकावर संपतो, पारसचा राजा कोरेश सांगतो, ज्याला जायचं त्याने यरुशलेमला जावं. त्याच गोष्टी, पण शेवट बदलला की सगळं वजन दुसरीकडे जातं. टीपांच्याही आधी क्रमाची टीप असते म्हणा.

ज्यू स्टडी बायबल बघा, ऑक्सफर्डचंच, २००४, दुसरी आवृत्ती २०१४. टीपांत आजच्या अभ्यासकांबरोबर राशी, इब्न एझ्रा असे मध्ययुगीन टीकाकारही बोलतात, आणि एकमेकांना खोडतात. आमच्याकडे हे जुनंच आहे. १५१७ साली व्हेनिसमध्ये बोम्बर्गने छापलेली रब्बींची बायबलं बघा, मधे थोडासा मजकूर आणि भोवती टीकाकारांचा गराडा. एकमत व्हावं अशी कुणाची अपेक्षाच नाही.

ज्यू स्टडी बायबलच्या संपादकांपैकी एकाचं, एमी-जिल लेव्हाइन यांच्याबरोबरचं, ज्यू अ‍ॅनोटेटेड न्यू टेस्टमेंट आहे, २०११. नव्या करारावर सगळ्या टीपा ज्यू अभ्यासकांच्या. परूशी (येशूच्या काळातला एक ज्यू पंथ) लोक म्हणजे ढोंगी, असं ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांनी ते जरूर चाळावं.

नगरची_लेक
हे माझ्याकडे आहे आणि फार आवडतं. संडे स्कूलमध्ये शिकवताना वापरते. कुणी विचारलं नाही अजून, कुठून काढते म्हणून.

चहा_कटिंग
म्हणजे अर्धविराम काकांनी किमान चार घ्यायची. बजेट चार हजार. कपाट वेगळं.

खवचट_खान
पाचवं मी सुचवतो. ईएसव्ही स्टडी बायबल, २००८. नकाशे आणि रेखाचित्रं फार देखणी, मंदिराची तर भारीच. सत्तावीसशेच्या वर पानं. टीपा प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या वळणाच्या, हे धरून वाचा. झोपून वाचायचा प्रयत्न करू नका, नाकावर पडतं.

हस्तलिखित
आणि नेहमीच्या ईएसव्ही आणि एनआयव्ही स्टडी बायबलांत अपॉक्रिफा नाही. म्हणजे ज्युडिथही नाही. देखण्या नकाशांना भुलून घेतलीत तर पुन्हा पहिल्या पायरीवर.

अर्धविराम
मंडळी, काल शहरात जाऊन आलो. एका धार्मिक पुस्तकांच्या दुकानात आणि एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात. दोन्हीकडे २ शमुवेल २१:१९ उघडलं. पहिल्या दुकानातल्या काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, ‘सर तुम्ही पास्टर आहात का? इथे थेट कुणी उघडत नाही.’ त्यांना एलहानान सांगितला. त्यांनी स्वतःची प्रत काढली, आम्ही दोघांनी मिळून तीन आवृत्त्यांच्या टीपा वाचल्या. हस्तलिखित म्हणाले तसंच निघालं. एकीत शब्द गळला, एकीत पराक्रम सरकला, आणि एकीत त्या ओळीवर टीपच नाही! ही तिसरी तऱ्हा कुणी सांगितली नव्हती.

जुन्या दुकानात न्यू ऑक्सफर्डची चौथी आवृत्ती, २०१० ची, अपॉक्रिफासकट मिळाली, बजेटच्या बरीच आत. शिवलेली आहे, फर्मे दिसतात. आधीच्या मालकाने ईयोबाच्या पुस्तकात पेन्सिलने रेघा मारल्यात, बाकी कोरी. उरलेल्या पैशांत सुबोध बायबल मागवलं. ज्यू स्टडी बायबल दिवाळीनंतर.

काल रात्री ज्युडिथ वाचली, खालचा भाग झाकून. पहिल्याच ओळीत नबुखद्नेस्सर निनवेतून अश्शूरवर राज्य करतोय. मी थबकलो, हा तर बाबेलचा ना? प्रश्नचिन्ह काढलं. मग टीप बघितली: इतिहास मुद्दाम उलटापालटा केलाय, ही कादंबरी आहे हे वाचकाला पहिल्या ओळीतच कळावं म्हणून, असं बरेच अभ्यासक मानतात. आता पुढे कुठल्या क्रमाने जाऊ?

हस्तलिखित
२०१० आणि २०१८ मध्ये तुमच्या कामापुरता फार फरक नाही, उत्तम घेतलंत.

क्रम: रूथ, मग योना. दोन्ही चारचार अध्यायांची, एका बैठकीत होतात. मग शमुवेलची दोन्ही सलग, दावीदाची सगळी गोष्ट, बथशेबासकट. एवढं क्रूर आणि स्वच्छ राजकारण फार थोड्या जुन्या ग्रंथांत सापडतं. गल्याथाची उंची बघायला विसरू नका. आपल्या नेहमीच्या हिब्रू पाठात सहा हात एक वीत, म्हणजे साडेनऊ फुटांच्या वर. ग्रीक पाठात आणि मृत समुद्राकाठच्या गुंडाळीत चार हात एक वीत, पावणेसात फुटांच्या आसपास. मग मार्क, सोळाच अध्याय, सगळ्यात आटोपशीर शुभवर्तमान. लेवीय सध्या सोडून द्या.

नगरची_लेक
लेवीय सोडा, पण स्तोत्रं सोडू नका. आणि ती झाकून वगैरे नाही, मोठ्याने. पिंपळपारांच्या आजोबांच्या पद्धतीने.

वसईवाला
टोबीत घ्या मधे. चौदा अध्याय. मासा, देवदूत आणि सोबतीला विनाकारण चालणारा कुत्रा.

पिंपळपार
दिमोनाकर, तुम्हाला एक विचारायचं होतं. बेने इस्रायलींत मराठी कीर्तन व्हायचं असं ऐकलंय. खरं का?

दिमोनाकर
अगदी खरं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. पूर्वरंग-उत्तररंग, साकी, दिंडी, सगळं तुमच्याच चालीवर, विषय योसेफ, मोशे, एस्तेर. आमच्या आईला योसेफाच्या आख्यानातली पदं पाठ होती. भाऊ त्याला विकतात तिथे तिचा गळा भरून यायचा.

छापील गोष्टींतही बघण्यासारखं आहे. वल्हांडण या आमच्या सणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ ला निघाली. पुण्यात १८७४ ला निघालेल्या हग्गादात तर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. वसईवाल्यांच्या आजीला दाखवायला हवी होती.

पिंपळपार
ही पदं कुणी लिहून घेतली आहेत का? आईंना आठवत असतील तर इथे टाका. वेगळा धागा काढा, मी येतो.